आधी कर्जाची पूर्वमंजुरी, मग घराचा शोध

भाड्याने देण्यासाठी दुसरे घर घ्यायचे ठरले की आपण आधी फ्लॅट बघतो, पसंत पडला की विसार देतो आणि मग बँकेत जातो. हा क्रम उलटा आहे. कर्ज अपेक्षेपेक्षा कमी मिळाले तर व्यवहार अडतो आणि करारातील अटींनुसार विसार बुडू शकतो.

पूर्वमंजुरी म्हणजे काय?

तुमचे उत्पन्न, चालू कर्जे आणि क्रेडिट स्कोअर तपासून बँक किती गृहकर्ज देऊ शकेल हे लेखी कळवते, ती पूर्वमंजुरी. ती साधारण ३ ते ६ महिने ग्राह्य असते. 'तुमचे कर्ज मंजूर झाले आहे' असा मोबाईलवर येणारा संदेश म्हणजे पूर्वमंजुरी नव्हे.

रक्कम कशी ठरते?

दोन मर्यादा असतात. जी कमी, ती लागू होते.

१. घराची किंमत : रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांचे ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढचे ७५ टक्क्यांपर्यंत देता येते.

२. तुमची ऐपत : सर्व कर्जांचे हप्ते मिळून हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या साधारण निम्म्यात बसावेत, असे बँका पाहतात.

समजा, तुम्ही ४० लाखांचा फ्लॅट पाहिला. पहिल्या मर्यादेने ३२ लाख मिळू शकतात. पण तुमचा पगार ७०,००० रुपये आहे आणि राहत्या घराचा हप्ता १२,००० रुपये आहे. म्हणजे नव्या हप्त्यासाठी २३,००० रुपये उरतात. २० वर्षे मुदत आणि ८.५ टक्के व्याज धरले तर त्यात सुमारे २६.५ लाखांचेच कर्ज बसते. उरलेले १३.५ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च वेगळा. तो ७ टक्के धरला तर आणखी २.८ लाख. हा हिशेब विसार देण्यापूर्वी कळलेला बरा.

बँक देते तेवढे घ्यावे का?

याच फ्लॅटला १०,००० रुपये भाडे आले, तरी दरमहा १३,००० रुपये खिशातून जातील. भाडेकरू नसेल त्या महिन्यात पूर्ण हप्ता तुमचाच. शिवाय देखभाल शुल्क आणि मालमत्ता कर आहेच. हा भार पेलणार नसेल, तर कमी किमतीचे घर शोधा किंवा थोडे थांबा.

अर्ज करण्यापूर्वी

• क्रेडिट अहवाल पाहा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. चूक असल्यास आधी दुरुस्त करून घ्या.
• पॅन, आधार, पगारपत्रके, फॉर्म १६ आणि बँकेचे खाते उतारे तयार ठेवा. व्यावसायिकांना आयकर विवरणपत्रे लागतात.
• एकाच वेळी अनेक बँकांत अर्ज करू नका. प्रत्येक चौकशीची नोंद अहवालात होते.
• प्रक्रिया शुल्क किती, ते परत मिळते का आणि व्याजदर बदलू शकतो का, हे विचारा.

पत्र मिळाल्यावर

पूर्वमंजुरी तुमच्या ऐपतीला मिळते, घराला नाही. घर ठरल्यावर बँक त्याची कागदपत्रे तपासते आणि मूल्यांकन करते. त्यात दोष निघाल्यास कर्ज नाकारले जाऊ शकते. म्हणून 'कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत मिळेल' अशी अट लेखी घ्या. रेरा कायदा लागू असलेल्या नव्या प्रकल्पात विक्री करार नोंदवल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.