महागडी शाळा, रिकामी तिजोरी

नफ्यासाठी चालवलेली शाळा नफ्यातच असणार, त्यातून फी भरमसाट असेल तर नक्कीच, असा समज आढळतो. प्रत्यक्षात अशी शाळा आणि विश्वस्तांची शाळा यांत फरक मालकीचा असतो: नफ्याच्या शाळेत खर्च भागून काही उरलेच, तर ते भागधारकांना (कंपनीच्या भांडवलातले हिस्सेदार) घेता येते. दुकानाच्या गल्ल्यातली शिल्लक मालक घरी नेतो, गृहनिर्माण सोसायटीची शिल्लक अध्यक्षाला नेता येत नाही; पण शिल्लक उरेलच, याची हमी दुकानालाही नसते.

अमेरिकेतील ऑल्टस्कूलचे उदाहरण बोलके आहे. गूगल सोडून आलेल्या मॅक्स वेंटिला यांनी ती 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केली. फी वर्षाला 25 हजार डॉलरच्या वर, पाठीशी मार्क झुकरबर्ग यांच्यासारखे गुंतवणूकदार, जमवलेले भांडवल 17 कोटी डॉलरच्या आसपास. पण शाळा छोट्या, शहरे महाग, आणि शिक्षकांच्या जोडीला सॉफ्टवेअर अभियंत्यांचा ताफा. हे सगळे फीतून भागणारे नव्हतेच. 2017 मध्ये काही शाखा बंद करण्याची घोषणा झाली. 2019 मध्ये वेंटिला प्रमुखपदावरून दूर झाले आणि कंपनी नाव बदलून शाळांऐवजी सॉफ्टवेअरकडे वळली. विश्वस्तांच्या शाळाही बुडतात, हा आक्षेप रास्त आहे. मात्र शाळा हाच धंदा ठेवायचा की नाही, हा निर्णय इथे गुंतवणूकदारांच्या हाती असतो. फी भरणाऱ्या पालकाला त्यात मत नसते. ऑल्टस्कूलच्या उरलेल्या शाळा हायर ग्राउंड एज्युकेशन या दुसऱ्या नफा-कंपनीकडे गेल्या. तिनेही 2025 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.