वेडी बाभूळ : तोडली म्हणजे संपली असं नाही

आज अशा शत्रूविषयी बोलू, जो चालून आला नाही. आपणच त्याला बोलावणं धाडलं.

सोलापूर-मराठवाड्याकडच्या मंडळींना वेडी बाभूळ ठाऊक आहे. चेन्नईत तिला 'सीमै करुवेलम' म्हणतात. सीमै म्हणजे विलायती. मूळची अमेरिका खंडातली. १८७०च्या दशकात मद्रास इलाख्याचे वनाधिकारी कर्नल बेडोम यांनी तिचं बी मागवलं. माझ्यासारखेच फौजी! हेतू चांगला होता : कोरड्या मुलखात सरपण मिळावं. ते मिळालं. रामनाथपुरम जिल्ह्यात आजही तिच्या कोळशावर कित्येक घरं चालतात.

पण ती लावली तिथे थांबली नाही. गोड शेंगा गुरं आणि हरणं खातात, शेणा-लेंड्यांतून बी लांबवर पडतं. गिंडी राष्ट्रीय उद्यान चेन्नई शहराच्या पोटात आहे, जेमतेम २.७ चौरस किलोमीटर. तिथल्या काळविटांना मोकळं गवत लागतं. गवतावर काटेरी झुडपं चढली, तर त्यांनी जायचं कुठे?

निवृत्तीनंतर आम्ही काही शेजारी एका पडीक जागेवर कोयते घेऊन गेलो. एका रविवारी सगळं सपाट! फोटो काढले, चहा घेतला. पावसाळा संपला तेव्हा एकेका बुंध्यातून पाच-पाच फांद्या वर आल्या होत्या. फौजेत शिकलेला धडा मी विसरलो होतो : ठाणं जिंकणं सोपं, राखणं अवघड.

मग पद्धत बदलली. ती अशी :

पहिलं, शेंगा पिकायच्या आत काम करा. झाड वरून कापू नका. जमिनीखाली वीत-दीड वीत खणून बुंधा मुळासकट काढा. नवे कोंब तिथूनच फुटतात.

दुसरं, सगळी जागा एकदम उघडी करू नका. झुडपांत पक्ष्यांची घरटी असतात. तुकड्या-तुकड्यानं पुढे सरका.

तिसरं, मोकळ्या जागेत लगेच देशी झाडं लावा : खिरणी, करंज, जांभूळ, करवंद. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणून रोपं त्याच्या तोंडावर लावायची. महाराष्ट्रात जूनमध्ये.

चौथं आणि सर्वांत कंटाळवाणं : पुढची काही वर्षं गस्त. जमिनीतलं बी उगवत राहतं. बोटभर रोप हातानं उपटता येतं, पुरुषभर झाडाला यंत्र आणावं लागतं.

तमिळनाडू सरकारनं २०२२ साली अशा उपद्रवी वनस्पतींसाठी धोरण केलं. त्यात नुसतं काढणं नाही, मूळचं जंगल परत आणणंही आहे. ते योग्यच. रिकामी जागा कोणीतरी बळकावतंच. ती कोणी घ्यावी, एवढंच आपल्या हाती.

आमच्या जागेत यंदा करंजाला पहिली फुलं आली. गस्त मात्र चालू आहे. तुमच्या गावातली टेकडी, ओढा, तळं एकदा फिरून पाहा. कोयता नंतर उचला. आधी पुढच्या पाच वर्षांची माणसं ठरवा.

जय हिंद!