गणंग, भुंगे आणि कुकरच्या शिट्ट्या

मे महिन्यात भरून ठेवलेला चवळीचा डबा मी गेल्या वर्षी थेट नारळी पौर्णिमेच्या आसपास उघडला. झाकण घट्ट होतं. तळाशी पिठासारखी भुकटी साचली होती, वर दहा-बारा तपकिरी भुंगे सुस्तावल्यासारखे फिरत होते आणि दाण्यांना बारीक गिरमिटानं पाडावीत तशी गोल भोकं होती. सासूबाई म्हणाल्या, "पावसाळी हवा गं, दमटपणानं किडे होतात." शेजारच्या काकूंचं मत वेगळं होतं, "डब्याचं झाकण सैल असणार, कुठूनतरी शिरले." मी मात्र मनातल्या मनात दुकानदाराला नावं ठेवत होते, कारण त्यानंच किडका माल गळ्यात मारला असं मी धरून चालले होते. पुढं वाचलं, दाणे भिंगाखाली पाहिले, तेव्हा कळलं की तिघींचंही थोडं थोडं चुकत होतं.

चवळीचा भुंगा सहसा डब्यात शिरत नाही, तो दाण्यातून बाहेर पडतो. शेंगा वाळत आल्या की मादी शेतातच त्यांच्यावर अंडी घालते. पुढं खळ्यात, गोदामात, दुकानात दाणे उघडे मिळाले की थेट दाण्यावर घालते. अंडं टाचणीच्या टोकाहून लहान, पांढरट, दाण्याला डिंकानं चिकटवल्यासारखं. त्यातली अळी अंड्याच्या पोटाखालूनच सरळ दाण्यात घुसते, त्यामुळे तिची वाट बाहेरून दिसतच नाही. आत गर खात ती वाढते, कोषात जाते आणि भुंगा झाला की सालाची गोल चकती कापून बाहेर येतो. ३० अंशांच्या आसपासच्या हवेत हा सगळा खेळ साधारण चार आठवड्यांत आटोपतो. बाहेर आलेल्या भुंग्याला खाण्यात रस नसतो. दहा-बारा दिवसांचं आयुष्य, त्यात जोडीदार शोधायचा आणि मादीनं शंभरेक अंडी घालायची. कागदावर हिशेब केला तर एका मादीपासून दोन महिन्यांत पाच हजार भुंगे होतात. उबदार दमट हवा त्यांचा वेग वाढवते एवढं सासूबाईंचं खरं, पण ती किडे जन्माला घालत नाही.

नवी चवळी किंवा मूग आणलेत की मूठभर दाणे खिडकीशी नेऊन पाहा. पांढरे ठिपके दिसले तर ती अंडी. एखाद्या दाण्यावर करडी, काचेसारखी गोल चकती दिसली तर आत भुंगा तयार आहे, दार उघडायचं बाकी आहे.

यातून पहिला गैरसमज निकालात निघतो: चाळलं, निवडलं, भुंगे काढून टाकले की धान्य स्वच्छ. तसं होत नाही. काढले ते म्हातारे, खरी फौज धडधाकट दिसणाऱ्या दाण्यांच्या पोटात बसलेली असते. महिनाभरानं पुन्हा तेच. डब्यात लवंगा, तेजपान, सुक्या मिरच्या टाकण्याचंही तसंच. वास असतो बाहेर आणि अळी असते आत.

"दोन दिवस ऊन दाखवलं की झालं"

ऊन दाखवण्यानं धान्य कोरडं होतं, ते चांगलंच. पण चादरीवर पसरलेल्या धान्यातले भुंगे उन्हाचा चटका बसताच काठाकडे पळतात, आणि आतली अळी मरायला खुद्द दाणाच ५५-६० अंशांपर्यंत तापून तासभर तसा राहावा लागतो. उघड्या चादरीवर हे सहसा साधत नाही. खाली काळं कापड, त्यावर धान्याचा पातळ थर, वर पारदर्शक प्लास्टिक आणि कडा विटांनी दाबलेल्या, असं कडक उन्हात ठेवलं तर साधतं. गच्ची नसलेल्यांनी फ्रीझरकडे वळावं. उणे १८ अंशांत आठवडाभर ठेवलेल्या पिशवीतली अंडीही वाचत नाहीत. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गार दाण्यांवर दव धरतं. उन्हात तापलेलं धान्य गरम गरम डब्यात भरू नये, तेही याच कारणानं. झाकणाच्या आतल्या बाजूला घाम येतो आणि वरच्या थराला बुरशी.

आपल्या आज्यांच्या रीतींबद्दल दोन टोकं ऐकू येतात. एकीकडे "ते सगळं शास्त्रीयच होतं" आणि दुसरीकडे "अडाणीपणा". मला वाटतं रीत रीत पाहून ठरवावं. एरंडेलाचा हात लावणं पूर्ण सार्थ आहे. किलोला चहाचा चमचाभर तेल नीट चोळलं की अंडी दाण्याला धड चिकटत नाहीत, चिकटली तर तेलाच्या थरानं गुदमरतात. अट एवढीच की हे नवं धान्य आल्याबरोबर करायचं, आत शिरलेल्या अळीला तेलाचा फारसा त्रास होत नाही. राखेत वाल, पावटे ठेवणंही खरं, पण मूठभर राख भुरभुरून काही होत नाही. दाणे राखेत बुडाले पाहिजेत, म्हणजे भुंग्याला हलायला फटच उरत नाही. कडुलिंबाचा पाला किड्यांना थोडा दूर ठेवतो, पण ओला घातलात तर धान्यात ओल आणली एवढंच.

आणि अलीकडच्या "रीती"? बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या खाण्याच्या धान्यात घालू नयेत, धुऊन घेतलं तरी भोकांत आणि चिरांत काय राहिलं ते दिसत नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घराच्या उंबऱ्याच्या आत आणूच नयेत. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. कायद्यानंही त्या फक्त मान्यताप्राप्त जाणकारांच्या देखरेखीखाली वापरायच्या आहेत. वर्षाच्या पोत्यात एक गोळी टाकून ते पोतं झोपायच्या खोलीत पलंगाखाली सरकवणारे लोक मी पाहिलेत, म्हणून हे इतक्या परखडपणे लिहिते.

हवाबंद डब्याचा उपयोग मात्र लोकांना वाटतो त्याहून वेगळा आहे. तो किड्यांना बाहेर ठेवण्यापेक्षा आतल्यांचा श्वास कोंडण्यासाठी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये, चवळीवरच आणि याच भुंग्यासाठी, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन थरांच्या हवाबंद पिशव्यांची पद्धत बसवली. पिशवीतला प्राणवायू किडे स्वतःच संपवतात आणि मग त्यांची वाढ थांबते, औषध काही नाही. घरात याचा अर्थ असा की डबा काठोकाठ भरा आणि महिनाभर उघडू नका. अर्धा रिकामा डबा, रोज उघडझाप, म्हणजे भुंग्यांना ताज्या हवेचा रतीब. रोजच्या वापराला वेगळी छोटी बरणी ठेवावी.

"जुनं ते सोनं"

हा नियम तांदळाचा. जुना तांदूळ फुलतो, मोकळा होतो, म्हणून आपण जुन्या तांदळाला जास्त पैसे मोजतो, आणि तोच नियम न कळत कडधान्याला लावतो. कडधान्याचं उलटं आहे. उष्ण आणि दमट हवेत, म्हणजे मुंबई-कोकणातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात, महिन्यांमागून महिने पडून राहिलेल्या दाण्यातलं फायटेट मोडत जातं. त्यानं धरून ठेवलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटं होतं आणि पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या पेक्टिनला जाऊन घट्ट बांधतं. मग तो दाणा पाणी पितो, फुगतो, पण शिजता शिजत नाही. रंगही सांगतो: फिकट घेवडा, वाल जुने झाले की तपकिरीकडे झुकतात. खराब झालेलं नसतं, कुबट वास किंवा बुरशी नसेल तर खायला हरकत नाही, फक्त गॅस जास्त जळतो. साताऱ्याकडचा, भौगोलिक मानांकन मिळालेला कोरेगावचा वाघ्या घेवडा नवा मिळाला तर एकदा दोन वर्षांच्या राजम्याशेजारी शिजवून बघा, फरक चमच्यालाच कळेल.

गणंग हे याहून निराळं प्रकरण आहे. (हट्टी माणसालाही आपण गणंग म्हणतो, ते उगाच नाही.) गणंग दाण्याचं सालच पाणी आत घेत नाही. ही बियाण्याची सवय आहे: सगळ्यांनी एकाच पावसात उगवायचं नाही, काहींनी पुढच्या पावसाची वाट पाहायची. फार कोरड्या हवेत वाळलेल्या धान्यात ही सवय बळावते. मटकीत, कुळथात हे दाणे हटकून सापडतात. ते शिजवून जिंकता येत नाहीत, निवडून काढावे लागतात, आणि ते सोपं आहे. भिजवलेली मटकी सकाळी परातीत पसरा. फुगलेल्या दाण्यांत जे तेवढेच बारके, गुळगुळीत, रंगानं गडद राहिलेत, ते गणंग. मोडाच्या उसळीत दाताखाली कटकन वाजणारा खडा बहुतेक वेळा खडा नसतो.

"मीठ आधी घातलं की शिजत नाही"

हे मी स्वतः वीस वर्षं पाळलं. खरं म्हणजे मीठ मदत करतं. मिठातलं सोडियम सालाच्या पेक्टिनमधल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. राजमा, छोले भिजवताना लिटरभर पाण्याला मोठा चमचाभर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम मीठ घाला, दुसऱ्या दिवशी ते पाणी फेकून द्या. साल तुटत नाही आणि आतून लोण्यासारखं होतं. मोड आणायचे असतील तर मात्र भिजवताना मीठ नको.

शिजण्याच्या आड येतं ते आंबट. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी घातले तर पेक्टिन घट्टच राहतं, आणि गुळाचंही तेच. म्हणून वालाच्या बिरड्यात गूळ आणि आमसूल डाळिंब्या शिजल्यावर घालायची पद्धत नुसत्या चवीची नाही. उलट, पटकन फुटून लगदा होणारी चवळी असेल तर टोमॅटो आधी घालून तिला सावरता येतं.

दुसरा आडकाठी घालणारा म्हणजे पाणी. मराठवाड्यात, विदर्भात बोअरच्या जड पाण्यावर संसार करणाऱ्यांना हे सांगायला नको. त्यांच्याकडे "डाळीचं पाणी" वेगळ्या विहिरीवरून आणायची जुनी पद्धत होतीच. त्या पाण्यातलं कॅल्शियम तेच करतं जे जुनेपणा करतो. भिजवायला आणि शिजवायला मऊ पाणी वापरलं की अर्धी तक्रार संपते. चिमूटभर खाण्याचा सोडाही उपाय आहे, पण चिमूटच. जास्त झाला तर साबणासारखी चव, लगदा आणि थायमिन हे जीवनसत्त्व वाया.

शिट्ट्या

"राजम्याला किती शिट्ट्या?" या प्रश्नाला उत्तर नाही. शिट्टी हे वेळेचं माप नाही. आच मोठी असेल, कुकर लहान असेल तर पाच मिनिटांत सहा शिट्ट्या होतील, मंद आचेवर दहा मिनिटांत एकही नाही. पूर्ण दाबाला कुकरच्या आत सुमारे १२० अंश असतात, शिट्टी झाली काय नि न झाली काय. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर येऊ द्या, मग आच बारीक करा आणि घड्याळ पाहा. भिजवलेल्या राजम्याला, छोल्यांना १५ ते २० मिनिटं, मटकीला चार-पाच. मोडाच्या मुगाला तर कुकरच नको, कढईत झाकण ठेवून वाफ पुरे. वाफ आपोआप जिरू द्या, घाईनं शिट्टी उचलली की दाणे फुटतात. आणि कुकर निम्म्याहून जास्त भरू नका, कडधान्याचा फेस वाफेच्या नळीत अडकतो.

राजम्याबद्दल थांबून बोलायला हवं. कच्च्या लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. कुकरमध्ये ते निकामी होतं, म्हणून आपल्याकडे कुणाला पत्ता नाही. पण परदेशातल्या मराठी घरांत मंद आचेची विजेची भांडी आलीत, दिवसभर ७५-८० अंशांवर शिजवणारी. त्यात राजमा दिसायला शिजतो आणि विष तसंच राहतं, कधी वाढतंही. आधी दहा मिनिटं खळखळ उकळून मगच त्या भांड्यात टाकावा, आणि सुरक्षिततेसाठी अर्धा तास उकळला तर उत्तम. राजम्याला मोड आणून कोशिंबिरीत घालणं हे आणखी एक नवं खूळ, ते नको.

मोडांबद्दल एवढंच: त्यानं प्रथिनं दुप्पट होत नाहीत. पाव किलो मुगाचे मोड अर्ध्या किलोहून जास्त भरतात, पण ती भर पाण्याची. मुळात जितकी प्रथिनं होती, तितकीच राहतात. वाढतं ते क जीवनसत्त्व, आणि पोटात वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात, तो फायदा खरा. कच्चे मोड "नैसर्गिक म्हणून सुरक्षित" हे मात्र खोटं. उबदार, ओलसर, झाकलेलं फडकं जंतूंनाही तितकंच आवडतं. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय जंतूनं सुमारे ४,००० लोक आजारी पडले आणि ५० हून जास्त दगावले. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं घरात असतील तर मोड वाफवूनच द्यावेत.

माझी ती चवळी? पाण्यात टाकली. पोकळ झालेले दाणे वर तरंगले, ते फेकले, पण खाली बसलेल्यांतही पांढरे ठिपके आणि करड्या चकत्या दिसल्या, म्हणून सगळीच गेली. आता डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून महिना लिहिते, आणि वर्षाचं एकदम भरण्याऐवजी दोन-दोन किलो आणते. नवीन पिशवी आधी आठवडाभर फ्रीझरमध्ये जाते. सासूबाईंचं म्हणणं आहे की त्यामुळे आइस्क्रीमला जागा राहत नाही.