विश्लेषण : लिनक्स संगणक अचानक मंद का होतो? ‘एक्सऑर्ग’ प्रोसेसर का खातो?

पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर, कळवे हा परिसर गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत येथील मूर्ती जातात. हंगाम जवळ आला की ऑर्डरींच्या याद्या, मूर्तींचे फोटो, बिले, गाड्यांचा हिशेब यांची धांदल उडते. अशा वेळी कारखान्याच्या टेबलावरचा जुना संगणक अडखळू लागला तर काम थांबते. ‘विंडोज १०’चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’ न चालणाऱ्या जुन्या संगणकांना नवे आयुष्य देण्यासाठी लिनक्स हा बिनखर्चाचा पर्याय आहे. मात्र लिनक्स टाकल्यावर काही संगणकांत एक तक्रार वारंवार येते. पंखा घरघरतो, माऊसचा बाण अडकतो आणि कामांच्या यादीत सर्वात वर ‘एक्सऑर्ग’ हे नाव दिसते. हा प्रकार काय आहे आणि त्यावर उपाय काय?

एक्सऑर्ग म्हणजे काय?

लिनक्सचा गाभा स्वतः खिडक्या, बटणे, फोटो पडद्यावर काढत नाही. ते काम ‘डिस्प्ले सर्व्हर’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम करतो. एक्सऑर्ग हा त्यातील सर्वात जुना आणि रुळलेला. त्याचे मूळ १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सुरू झालेल्या ‘एक्स विंडो सिस्टीम’मध्ये आहे. तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे ‘एक्स ११’, १९८७ मध्ये आली आणि आजही तीच वापरात आहे.

मूर्तीच्या कारखान्याचे उदाहरण घेतले तर एक्सऑर्ग हा रंगारी आहे. ब्राउझर, हिशेबाची वही, फोटो पाहण्याचे ॲप ही सगळी गिऱ्हाइके. ‘इथे हा रंग द्या, तिथे ही रेघ ओढा’ असे ती सांगतात आणि रंगारी निमूटपणे काढत राहतो. माऊस हलवला, कळ दाबली, तर ती खबर योग्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवणेही त्याच्याकडेच.

मग दोष एक्सऑर्गचा की दुसऱ्याचा?

बहुतेक वेळा दुसऱ्याचा. एखादे गिऱ्हाईक सेकंदाला साठ वेळा ‘पुन्हा रंगव’ म्हणत असेल, तर थकलेला रंगारी दिसतो. गिऱ्हाईक मात्र यादीत खाली, निवांत बसलेले असते. ब्राउझरमधील हलणारी जाहिरात, पडद्याच्या कोपऱ्यातला सतत बदलणारा आलेख, दूरच्या संगणकावरून पडदा दाखवणारे ॲप ही यातील नेहमीची मंडळी.

एक्सऑर्ग मुळातच जड आहे, हा समजही पूर्ण खरा नाही. त्याचा दाखला रायगड जिल्ह्यातच आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप २००७ मध्ये कर्जत तालुक्यातील खैरात या छोट्या गावातील शाळेत आले. त्यात लिनक्स होते आणि पडदा रंगवण्याचे काम हीच एक्स प्रणाली करत होती. त्या लॅपटॉपचा प्रोसेसर होता ४३३ मेगाहर्ट्‌झचा आणि स्मृती केवळ २५६ एमबी. आज अडगळीत गेलेला दहा वर्षांपूर्वीचा संगणकही त्याहून कितीतरी पट ताकदवान असतो. तो अडखळत असेल तर नेमके कारण शोधता येते.

किती टक्के म्हणजे जास्त?

टर्मिनल उघडून इंग्रजीत ‘टॉप’ ही तीन अक्षरे टाइप केली की चालू कामांची यादी दिसते. मेन्यूतील ‘सिस्टीम मॉनिटर’ हाही सोपा मार्ग. काहीही न करता बसलेल्या संगणकावर एक्सऑर्ग साधारण एक ते पाच टक्क्यांत असतो. व्हिडिओ पाहताना, खिडकी ओढताना, लांब पान सरकवताना तो काही क्षण वर जातो. त्यात काळजीचे काही नाही. सगळे बंद केल्यावरही तो तीस, पन्नास, नव्वद टक्क्यांवर ठाण मांडून बसला, तर मात्र बिघाड आहे.

आकडा वाचताना एक गफलत होते. ‘टॉप’मध्ये १०० टक्के म्हणजे प्रोसेसरचा एक गाभा पूर्ण व्यग्र. चार गाभ्यांच्या संगणकात तो एकूण क्षमतेचा चौथा हिस्सा झाला. काही ॲप हाच भार एकूण क्षमतेच्या हिशेबाने २५ टक्के असा दाखवतात. त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नये.

सर्वात मोठे कारण कोणते?

ग्राफिक्सची मदत बंद असणे. कारखान्यात मूर्तीचा मूळ रंग कॉम्प्रेसरवरच्या स्प्रे गनने झटपट मारला जातो. कॉम्प्रेसर बंद पडला तर तेच काम ब्रशने करावे लागेल. काम होईल, पण वेळ आणि श्रम कैक पट. संगणकातील ग्राफिक्स चिप हा तो कॉम्प्रेसर. तिचा ड्रायव्हर नीट चालला नाही तर चित्र काढण्याचा सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. याला ‘सॉफ्टवेअर रेंडरिंग’ म्हणतात.

हे ओळखण्याच्या तीन सोप्या खुणा आहेत. लिनक्स मिंटच्या ‘सिनॅमन’ आवृत्तीत, संगणक ग्राफिक्सच्या मदतीशिवाय चालत असल्याची सूचना पडद्यावर स्वतःहून येते. ती बंद करून विसरू नये. ‘उबुंटू’मध्ये सेटिंग्जच्या ‘अबाउट’ भागात ग्राफिक्सच्या ओळीत चिपच्या नावाऐवजी ‘एलएलव्हीएमपाइप’ असे दिसले, तर समजावे की काम ब्रशने चालले आहे. तिसरी खूण फायरफॉक्समध्ये. मदतीच्या मेन्यूतून ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन’ उघडून ग्राफिक्स भागात ‘कंपोझिटिंग’ची ओळ पाहावी. तिथे ‘वेबरेंडर’पुढे कंसात ‘सॉफ्टवेअर’ लिहिले असेल, तर निदान ब्राउझरला तरी चिपची मदत मिळत नाही.

ड्रायव्हर असूनही मदत बंद का पडते?

लिनक्स टाकताना पडदा काळा पडला की अनेक जण ‘सेफ ग्राफिक्स’ किंवा ‘कंपॅटिबिलिटी मोड’ हा पर्याय निवडतात. त्यात संगणक सुरू होताना ‘नोमोडसेट’ ही सूचना दिली जाते, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरला दूर ठेवले जाते. तेवढ्यापुरती ती योग्यच. पण काही वेळा हा शब्द कायमच्या सेटिंगमध्ये राहून जातो आणि संगणक वर्षभर ब्रशनेच रंगवत बसतो. ‘ग्रब’ या सुरुवातीच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमधून तो शब्द काढून, सेटिंग ताजे करून संगणक पुन्हा सुरू केला की अनेकदा फरक लगेच जाणवतो. हे काम जाणकाराच्या हातून करून घ्यावे.

दुसरे कारण जुन्या एनव्हिडिया कार्डांचे. कंपनीच्या ३४० मालिकेच्या ड्रायव्हरचा आधार २०१९ अखेर आणि ३९० मालिकेचा २०२२ अखेर संपला. अशा कार्डांना नव्या लिनक्सवर ‘नूव्हो’ या मुक्त ड्रायव्हरवर भागवावे लागते आणि तो प्रत्येक कार्डाला सारखी साथ देत नाही. मिंटमधील ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून कोणता ड्रायव्हर सुचवला आहे ते पाहावे. इंटेलची चिप मदरबोर्डवरच असेल तर तिचा ड्रायव्हर लिनक्समध्येच येतो. वेगळे काही टाकावे लागत नाही. जुने एनव्हिडिया कार्ड फारच त्रास देत असेल, तर ते काढून पडद्याची वायर मदरबोर्डवरच्या इंटेल ग्राफिक्सला जोडणे, ही सोय उपलब्ध असल्यास, स्वस्तातला उपाय ठरतो.

गुन्हेगार ॲप कसे शोधायचे?

घाई न करता, क्रमाने. सर्व ॲप बंद करून दोन मिनिटे थांबावे आणि एक्सऑर्गचा आकडा पाहावा. तो खाली आला तर दोष एखाद्या ॲपचा. मग एकेक ॲप उघडत जावे. प्रत्येकानंतर आकडा पाहावा. ज्याच्यानंतर तो उसळतो, तेच गिऱ्हाईक. ते ब्राउझर निघाले तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून प्रत्येक टॅब किती प्रोसेसर खातो ते कळते.

सगळे बंद असतानाही आकडा वरच असेल, तर पट्टीवरील छोटी साधने तपासावीत. हवामान, नेटचा वेग, प्रोसेसरचा आलेख यांतील काही दर क्षणाला स्वतःला पुन्हा रंगवतात. यानंतर संगणकावर नवे वापरकर्ता खाते काढून त्यातून लॉगइन करून पाहावे. तिथे सर्व सुरळीत असेल, तर दोष जुन्या खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही तीच गत असेल, तर ड्रायव्हर किंवा यंत्राकडे वळावे.

मॉनिटरची सैल वायरही छळते. पडदा क्षणभर जातो-येतो आणि दर वेळी संपूर्ण पडदा नव्याने मांडावा लागतो. एक्सऑर्गच्या नोंदवहीत, म्हणजे ‘लॉग’मध्ये, मॉनिटर जोडल्याच्या त्याच त्याच ओळी दिसल्या तर आधी वायर बदलावी.

धुळीचा काही संबंध आहे का?

आहे, आणि मूर्तींच्या कारखान्यांत तो विशेष आहे. प्लास्टर, शाडू माती, घासकाम, स्प्रेचा रंग यांचे बारीक कण पंख्यात आणि हीटसिंकच्या पात्यांत बसतात. उष्णता बाहेर पडत नाही. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून तो स्वतःचा वेग कमी करतो. मग तेच काम करायला जास्त वेळ लागतो आणि टक्केवारी वाढलेली दिसते. अशा वेळी कितीही सेटिंग बदलली तरी उपयोग नाही. संगणक बंद करून, प्लग काढून पंखा व हीटसिंक साफ करणे आणि संगणक रंगकामाच्या जागेपासून दूर ठेवणे हाच इलाज.

संगणक हलका कसा करता येईल?

खिडक्यांच्या सावल्या आणि पारदर्शकता यासाठी ‘कंपोझिटर’ काम करतो. चिपची मदत नसेल तर तो फार महाग पडतो. सिनॅमनऐवजी ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती घेतली, तर तिच्या ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये जाऊन कंपोझिटिंगची खूण काढता येते. सावल्या जातात, व्हिडिओत कधी पडदा फाटल्यासारखी रेघ दिसते. पण बिले आणि याद्यांच्या कामात त्याने काही बिघडत नाही.

काय करू नये?

यादीत वर दिसला म्हणून एक्सऑर्ग सक्तीने बंद करू नये. तो बंद होताच त्यावर चालणारी सगळी ॲप बंद पडतात आणि न जतन केलेली बिले जातात. पडदा पूर्ण गोठला तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून अक्षरांच्या पडद्यावर जाता येते. तिथे लॉगइन करून फक्त हट्टी ॲप बंद करता येते. परत येण्यासाठी बहुधा एफ१, एफ२ किंवा एफ७. तसेच, अर्थ न कळता कुठून तरी उचललेली आज्ञा पासवर्ड देऊन चालवू नये.

एक्सऑर्ग जाणार आहे का?

हळूहळू. ‘वेलँड’ या नव्या पद्धतीची सुरुवात २००८ मध्ये झाली. फेडोराने २०१६ मध्ये ती मूळ पर्याय केली. ‘रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १०’मधून २०२५ मध्ये एक्सऑर्ग सर्व्हर काढला गेला. उबुंटू २५.१० मध्येही त्याच्या नेहमीच्या डेस्कटॉपला एक्सऑर्गवर चालवण्याची सोय राहिलेली नाही. लिनक्स मिंट मात्र अजून प्रामुख्याने त्यावरच आहे. वेलँड असलेल्या संगणकावर यादीत ‘नोम शेल’ किंवा ‘क्विन’ ही नावे वर दिसतील. जुन्या ॲपसाठी ‘एक्सवेलँड’ही दिसेल. नाव बदलले तरी निदानाचा क्रम तोच. ग्राफिक्सची मदत मिळते का, कोणते ॲप छळते आणि यंत्र तापते का, हे पाहायचे.

तंत्रज्ञाला काय सांगावे?

‘संगणक स्लो आहे’ एवढे सांगून काम लवकर होत नाही. लिनक्सचे नाव व आवृत्ती, ग्राफिक्सच्या ओळीतील मजकूर, सर्व ॲप बंद असतानाचा एक्सऑर्गचा आकडा आणि त्रास कधीपासून सुरू झाला या चार गोष्टी लिहून द्याव्यात. शेवटची विशेष महत्त्वाची. त्रास अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल, तर संगणक सुरू होताना ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा गाभा निवडून पाहता येतो. ज्यांना स्वतः शिकायचे आहे, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सवरील धडे मराठीतूनही मोफत उपलब्ध आहेत. आणि हे सगळे तपासायची वेळ हंगामाच्या ऐन गर्दीतली नव्हे, त्याआधीची. ऑर्डरींच्या याद्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन मगच सेटिंगला हात लावावा.