एका नावडत्या खेळाचें पुनर्दर्शन

संगणकावरील खेळावर एका सेवानिवृत्त संस्कृत शिक्षकानें लेख लिहावा, हें पाहून कित्येक वाचक कपाळास आंठ्या घालतील. त्यांस आमची विनंति एवढीच कीं, ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें वडीलधाऱ्यांस मुलांच्या खेळाकडे पाठ फिरवून बसतां येत नाहीं.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हें नांव आम्हांस प्रथम कळलें तें शाळेच्या संगणककक्षांत, मुलांवर देखरेख करीत असतां. जॉर्डन मेकनर ह्या अमेरिकन तरुणाचा हा खेळ १९८९ सालचा. त्यानें आपल्या धाकट्या भावास धांवावयास व उड्या मारावयास लावून त्याचें चित्रीकरण केलें आणि त्यावरून एकेक हालचाल रेखाटली. त्यामुळें पडद्यावरचा तो इवलासा राजपुत्र खऱ्या माणसासारखा तोल सांभाळी, कड्याला लोंबकळे. साठ मिनिटांत राजकन्येची सुटका करावयाची, हा नियम. त्यांतील एक प्रसंग आमच्या मनांत कायमचा राहिला. राजपुत्र आरशांतून उडी घेतो आणि त्याचीच छाया निराळी होऊन पळते. पुढें ती तरवार घेऊन वाट अडविते. तिच्यावर वार करावा, तर जखम आपणांसच होते. तरवार म्यान करून पुढें जावें, तेव्हां दोघें एक होतात. मुलें ह्याचा उलगडा विचारीत, आणि आम्ही घंटा होऊन गेली तरी सांगत बसत असूं.

२००३ सालीं युबिसॉफ्ट कंपनीनें ‘सँड्स ऑफ टाइम’ हा नवा भाग काढला. काळ मागें फिरविणारी कट्यार, फाराह नांवाची राजकन्या आणि स्वतःच्या चुकीची कहाणी स्वतःच सांगणारा, थोडा गर्विष्ठ परंतु मनाचा कोवळा राजपुत्र! आमचा पुतण्या तेव्हां शाळेंत होता. त्याच्या खुर्चीमागें उभे राहून आम्हीं तो सबंध पाहिला.

पुढील वर्षाच्या अखेरीस ‘वॉरिअर विदिन’ निघाला, आणि राजपुत्र ओळखूं येईनासा झाला. आवाज देणारा नट बदलला. फाराह दिसेना. लढाईंत मुंडकीं उडूं लागलीं, गॉडस्मॅक ह्या रॉक मंडळींचीं कर्कश गाणीं वाजूं लागलीं, आणि स्त्रीपात्रांचा पोषाख इतका तोकडा कीं, आमच्या वहिनी दिवाणखान्यांतून उठून गेल्या. खुद्द मेकनर ह्यांनींही त्यांतील हिंसा व एकंदर कलादृष्टि आपणांस रुचली नाहीं, असें पुढें जाहीरपणें सांगितलें. आम्हीं तर तबकडी कपाटांत घालून कुलूप लाविलें. पुतण्या म्हणाला, “काका, गोष्ट पुरी तरी बघा.” आम्हीं बघितली नाहीं. उत्तरपत्रिका न वाचतां गुण देणें ज्यानें जन्मभर पाप मानिलें, त्यानें घरीं मात्र तेंच केलें.

गेल्या दिवाळींत पुतण्या सहकुटुंब आला. कपाट आवरतांना ती तबकडी निघाली, आणि घरच्या जुन्या संगणकावर चाललीही. चार रात्री तो खेळला व आम्ही शेजारीं बसलों.

गोष्ट अशी. मागल्या कथेस सात वर्षें लोटलीं आहेत. काळाची वाळू जो मोकळी करील त्यास मरण ठरलेलें, म्हणून दहाका नांवाचा काळाचा रखवालदार राजपुत्राच्या पाठीं लागला आहे. तो पाण्यास भितो, एवढाच काय तो आसरा. राजपुत्र ठरवितो कीं, भूतकाळांत शिरून वाळू निर्माण करणाऱ्या सम्राज्ञीलाच ठार करावें. तो तिला मारतो, आणि वाळू उत्पन्न होते ती तिच्याच देहापासून! आम्हांस परीक्षित आठवला. तक्षकाच्या भयानें तो एकस्तंभी महालांत जाऊन बसला, आणि शेवटच्या दिवशीं फळांत निघालेली अळी त्यानें हंसत स्वतःच्याच मानेवर ठेविली.

तेथून पुढें राजपुत्र एक मुखवटा चढवितो, काळें वाळूरूप घेतो आणि घडलेल्याच प्रसंगांतून पुन्हा जातो. पूर्वीं ज्या काळ्या आकृतीस तो वैरी समजला होता, ती तोच होता. सात वर्षें मृत्यु पाठीवर घेऊन धांवणारा मनुष्य कोवळा कसा राहील, हें तेव्हां कोठें आमच्या ध्यानांत आलें. आणि आरशांतली ती जुनी छायाही आठवली. तिच्यापुढें तरवार म्यान करून सुटतां येत होतें. येथें तसली सोय नाहीं. एक स्वतः दहाकाच्या हातीं पडतो, तेव्हां दुसरा वांचतो.

गाणीं आजही ऐकवत नाहींत, आणि त्या पोषाखांविषयीं वहिनींचें मत आमचेंही आहे. पुढच्या भागांत जुना नट व फाराह दोन्ही परत आलीं, तें योग्यच झालें.

मात्र एक गोष्ट राहिली. वाटेंत आयुष्य वाढविणाऱ्या नऊ जागा लपविलेल्या आहेत. त्या सर्व सांपडल्या तर पाण्याची तरवार मिळते, सम्राज्ञीस पुन्हा मारावें लागत नाहीं, आणि राजपुत्र दहाकासमोर उभा राहतो. पुतण्याची एक जागा हुकली व सम्राज्ञी दुसऱ्यांदा मेली. जातांना त्यानें कोणत्या कळीनें काय होतें, तें कागदावर लिहून दिलें आहे. आजवर आम्हांस दोन जागा सांपडल्या. तिसरीच्या आधीं दहाका गांठतो, आणि आमचीं बोटें अजून उजवी-डावी चुकतात.