खालचीच कवळी का नाचते?

पवनीला गेले की आजीचं एक गाऱ्हाणं ठरलेलं असतं. "वरची बसते बाप्पा, खालचीच नाचते." लाखोळीचे वडे ताटात आले की ती खालची कवळी काढून रुमालात गुंडाळते आणि हिरड्यांनीच चावते. दोनदा नवी कवळी करून झाली. घरात सगळ्यांनी दोष कवळी करणाऱ्याला दिला, मीसुद्धा. नंतर हाडांबद्दल वाचायला लागले तेव्हा कळलं की बिचाऱ्याची फारशी चूक नव्हती. कवळी तीच राहते, तिच्याखालची जमीन खचते.

दातांची मुळं ज्या हाडात रुतलेली असतात, ते हाड दातांबरोबरच तयार होतं आणि दात गेले की त्याचं कामही संपतं. चावताना दाताभोवतीचे तंतू हाडाला ताण देतात, आणि त्या ताणामुळे हाड टिकतं. कवळी मात्र ताणत नाही, वरून दाबते. मग हाड खाणाऱ्या पेशी जोर धरतात. पहिल्या वर्षात झीज सगळ्यात जास्त होते, नंतर मंदावते, पण थांबत नाही.

टालग्रेन यांचा १९७२ सालचा शोधनिबंध इथे हमखास येतो. त्यांनी कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांचे एक्स-रे २५ वर्षांच्या काळात पुन्हा पुन्हा तपासले. खालच्या जबड्याची पुढच्या भागातली झीज वरच्याच्या सुमारे चौपट निघाली! शिवाय वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो आणि लाळेच्या पातळ थराने ती चिकटून राहते. खालची कवळी घोड्याच्या नालेसारखी, टेकायला जागा थोडी, मध्ये सतत हलणारी जीभ. ती नाचणारच.

म्हणून कधीकधी कवळीच्या आधी जबडा तयार करावा लागतो. दात काढल्यावर हाडाची टोकं सुरीसारखी राहिली तर ती घासून गुळगुळीत करतात. टाळूवर किंवा जिभेच्या बाजूला हाडाचा उंचवटा असेल तर तो काढतात. ओठाला हिरडीशी जोडणारी पट्टी फार वर आली असेल तर तीही सोडवतात. यातलं बरंचसं नुसत्या जागा बधिर करून होतं.

खरी अडचण हाड फार झिजल्यावर येते. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस हाडातल्या एका छिद्रातून बाहेर पडते. तरुणपणी ते छिद्र हाडाच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतं. झिजत झिजत हाडाचा माथाच त्याच्या पातळीला येतो आणि कवळी थेट नसेवर बसते. "करंट लागल्यासारखं होते," असं आजी म्हणायची आणि आम्ही हसायचो.

अशा वेळी हाडाची भर घालता येते, स्वतःच्या कमरेचं किंवा हनुवटीचं हाड घेऊन, नाहीतर तयार पदार्थ वापरून. पण ते मुरायला काही महिने लागतात. दुसरा मार्ग इम्प्लांटचा. टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना सशांवरच्या प्रयोगांत दिसलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसात ते बसवलं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली तज्ज्ञांनी ठरवलं की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर अडकवलेली कवळी हाच पहिला पर्याय असावा. दोन्ही इम्प्लांट पुढे बसतात, त्या दोन छिद्रांच्या मधल्या भागात, जिथे नस आड येत नाही. आपल्याकडे खर्चामुळे तो पहिला पर्याय क्वचितच होतो, हे उघड आहे.

आणि आपल्या भागात खर्रा आहेच. सुपारीमुळे तोंडाच्या आतली कातडी ताठर होते, तोंड उघडणं कमी होत जातं. मग माप घ्यायचा ट्रेच आत जात नाही, शस्त्रक्रियेचं ड्रिल तर दूरच. त्यात तंबाखूने जखमा उशिरा भरतात. तिथे आधी खर्रा सुटायला हवा आणि तोंड तपासून घ्यायला हवं, कारण याच ताठरपणातून कर्करोगही होऊ शकतो.

आजी खर्रा खात नाही. तिची साखर ताब्यात आहे. नागपूरला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे पाहून पहिला प्रश्न विचारला, "आजी, हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालू आहे का?" ठिसूळ हाडांवरच्या अशा काही गोळ्या हाड खाणाऱ्या पेशींनाच थोपवतात. त्या चालू असताना जबड्याला जखम केली तर क्वचित ती भरत नाही, हाड उघडं पडतं. धोका लहान आहे, पण आधी माहीत असावा लागतो. आजी म्हणाली, "गोळ्या तर लय आहेत, कोणती कशाची काय माहीत."

पुढच्या खेपेला सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्यायच्या आहेत.