लाजाळू माशाचे छायाचित्र

पाण्याखाली माशाचे छायाचित्र घेणे म्हणजे उत्तम कॅमेऱ्याचे काम, अशी पुष्कळांची समजूत असते. आमच्या मते ते निम्म्याहून अधिक श्वासाचे काम आहे. याचा पहिला धडा घ्यायला ठाण्याची खाडीही पुरते. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यावर निवट्या उड्या मारताना दिसतात. डोळे कपाळावर, नजर चौफेर. आपली सावली हलली की स्वारी बिळात! परंतु काठावर न हलता उभे राहिले, तर काही वेळाने आधी दोन डोळे वर येतात, मग सारा मासा.

समुद्रतळाशीही हाच प्रकार असतो. फरक इतकाच की तेथे आपण पाठीवर हवेची टाकी बांधून जातो. ठाणे-कल्याणकरांना त्यासाठी मालवण सोयीचे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तेथील खडकांवर पोवळी आहेत, आणि जवळच तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या केंद्रात पाणबुडीचे रीतसर शिक्षण मिळते. पावसाळ्यात मात्र हा नाद सोडावा.

पाण्यात प्रकाशाची गत विचित्र होते. तांबडा रंग पाणी सर्वांआधी गिळते. पाच-दहा मीटर खाली तांबडा मासा काळपट दिसू लागतो. म्हणून उजेड आपणच न्यावा लागतो. १९२६ साली फ्लोरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन यांनी समुद्रातल्या माशाचे पहिले रंगीत छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांना तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागली होती! आज हातात मावणारा दिवा पुरतो. पण कोकणच्या पाण्यात गाळ फार, आणि समोरून झोत टाकला तर प्रत्येक कण चमकून चित्रावर तांदळाच्या कण्या सांडल्यासारखे दिसते. उपाय दोनच : दिवा बाजूला धरावा, आणि माशाच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर जावे. मासा लाजाळू, आणि जायचे तर वीतभरावर. खरी पंचाईत येथेच आहे.

टाकीच्या हवेचे बुडबुडे खळखळत सुटतात आणि मासा दचकतो. मग नवशिक्याला वाटते, क्षणभर श्वास रोखून धरावा. हे कधीही करू नये. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छातीत भरलेली हवा कोंडून माणूस वर आला, तर ती फुगत जाते आणि फुप्फुस फाटू शकते. चित्रात गुंगलेला माणूस चार-पाच फूट वर तरंगला तरी धोका संभवतो. श्वास चालूच ठेवावा, पण संथ आणि लांब. उच्छ्वास हळू सोडला की बुडबुडेही बेताने निघतात. मासा वरून झडप घालणाऱ्याला भितो, म्हणून त्याच्याच पातळीवर, रेतीलगत, टप्प्याटप्प्याने पुढे सरकावे. पायांचे पंख आपटू नयेत, गाळ उठतो. तोल जातो म्हणून पोवळ्याला हात टेकणे तर सर्वथा वर्ज्य. तो दगड दिसला तरी जिवंत प्राण्यांची वसाहत आहे.

लक्षद्वीपसारख्या प्रवाळ बेटांकडे काही बोटभर मासे एका कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतात. बीळ खणणे कोळंबीकडे, पहारा माशाकडे. कोळंबीला दिसते कमी, म्हणून तिची एक मिशी सतत माशाच्या अंगाला लागलेली. त्याने शेपटी फडफडवली की दोघेही आत. आपण फार रेटले, तर पहाराही थांबतो आणि खणणेही. दोन-तीनदा मासा आत पळाला, तर त्या बिळाचा नाद सोडून पुढे जावे, असे आम्हांस वाटते. काडीने डिवचून त्याला बाहेर काढणे हे शुद्ध दांडगेपण होय. हवेचा काटा ठरलेल्या खुणेवर आला की मासा बाहेर असो वा नसो, सोबत्याला खूण करून सावकाश वर निघावे आणि वाटेत पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे.